सत्तरीतल्या वझराकडे पहिल्यांदा निघताना

गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या रानात पहिल्यांदा वझर बघायला निघालेल्या माणसाला मी आधी एकच विचारतो: वाटेत व्हाळ किती वेळा ओलांडायचा आहे? बहुतेकांना सांगता येत नाही. वझर किती उंचावरून पडतो, फोटो कुठून चांगला येतो, गाडी कुठे लावायची, हे सगळं विचारून झालेलं असतं. सकाळी घोट्याएवढा असलेला व्हाळ दुपारी मांडीला लागला तर पलीकडे अडकलेल्यांनी काय करायचं, हे कुणी विचारलेलं नसतं. म्हणून खाली दिलेली आखणी मी परतीच्या व्हाळापासून उलटी मोजत आणली आहे.

नोकरीनिमित्त घाटावरून गोव्यात आलेल्यांसाठी तीन शब्द सांगून ठेवतो, कारण गावात वाट विचारताना हेच कानावर पडतील. वझर म्हणजे धबधबा. व्हाळ म्हणजे ओढा. वझराच्या पायथ्याशी पाणी साचून जो खोल डोह होतो, तो कोंड. हिमालयातल्या तळ्यांपर्यंत चालत गेलेल्या मंडळींना विरळ हवेची आणि थंडीची काळजी करायची सवय असते. इथे ती लागत नाही, गोव्याच्या डोंगरांची उंची अकराशे मीटरच्या आसपासच संपते. आपल्याकडे सगळा हिशेब पाण्याचा.

महिना आणि ठिकाण

नवख्या माणसाने जून ते सप्टेंबर या काळात व्हाळ ओलांडावा लागेल अशा कुठल्याही वझराकडे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पावसाळ्यात वझर देखणा असतो हे खरं. पण त्याच दिवसांत वाट सर्वांत निसरडी, प्रकाश सर्वांत कमी आणि पाणी सर्वांत बेभरवशाचं असतं. चवथ आटोपून दसरा उलटला की पाऊस ओसरतो, व्हाळ नितळ होतात, वझराला पाणी भरपूर असतं. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरपर्यंतचे दिवस पहिल्या फेरीसाठी उत्तम. ऑक्टोबरात दुपारनंतर विजांसह पाऊस येतो, तेवढं ध्यानात ठेवायचं. फेब्रुवारीनंतर बरेच व्हाळ आटतात आणि मार्च-एप्रिलात रान वाळून वणव्याचा धोका असतो. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या रानात दिवसेंदिवस धुमसणारे वणवे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

ठिकाण निवडताना पहिल्या वेळी एका बाजूने तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाल नको. सत्तरीत पाळी, चरावणे, हिवरे अशी नावं कानावर येतील, सांगेत नेत्रावळीकडची सावरी आणि मैनापी. नाव मोठं आहे म्हणून जाऊ नका. त्या वाटेने गेल्या आठवड्याभरात गेलेला माणूस भेटला तर त्याला व्हाळाचा प्रश्न विचारा आणि मग ठरवा.

दूधसागरला रुळावरून चालत जायचा बेत कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणायचं. रेल्वेच्या हद्दीत असं शिरणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याखाली गुन्हा आहे, आणि बोगद्यात गाडी समोर आली तर बाजूला व्हायला जागा नसते.

परवानगी

म्हादई अभयारण्य १९९९ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र २०८ चौरस किलोमीटर. सत्तरीतले बरेचसे वझर त्याच्या हद्दीत येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात शिरायला परवानगी लागते. ती घेण्यात फार वेळ जात नाही, पण आदल्या दिवशी वाळपईच्या वन कार्यालयात चौकशी करावी, कारण कुठला वझर उघडा आणि कुठला बंद हे त्या-त्या मोसमातल्या आदेशावर ठरतं. वर्षभरापूर्वी मित्र जाऊन आला म्हणून आज वाट खुली असेल असं धरून चालू नका.

आदेश निघतात त्यामागे कारणं आहेत. ९ जुलै २०२३ च्या रविवारी पाळीच्या वझरावर गेलेले शंभराहून जास्त लोक व्हाळ फुगल्यामुळे अडकले, त्यांना बाहेर काढावं लागलं. त्याच महिन्यात मैनापीवर दोघे बुडाले आणि वन खात्याने अभयारण्यांतल्या वझरांवर जाण्यास बंदी घातली. पाळीला अडकलेल्यांत बेफिकीर कितीजण होते मला ठाऊक नाही. पण सकाळी सगळ्यांनी तो व्हाळ सहज ओलांडला असणार, एवढं नक्की.

पाऊस कुठे पडतो आहे

हा भाग नीट वाचा, बाकी सगळं यावर अवलंबून आहे.

आपण गोव्यात पाऊस इंचांत मोजतो. राज्यात पावसाळ्याभरात साधारण ११५ ते १२० इंच पडतो आणि वाळपईचा आकडा बहुतेक वर्षी सर्वांच्या वर असतो. कारण डोळ्यांसमोरच आहे. समुद्रावरून आलेले ढग सपाटीवरून सरकत येतात आणि सत्तरीच्या मागे त्यांना घाटाची भिंत लागते. चोर्ल्याचा माथा सुमारे आठशे मीटरवर आहे. एवढ्या थोडक्या अंतरात ढग वर चढले की थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात. माथ्यावर पडलेलं पाणी उभ्या उतारावरून धावत काही किलोमीटरच्या आत तुमच्या व्हाळात येतं.

याचा अर्थ असा की तुम्ही उभे आहात तिथे ऊन असेल आणि व्हाळ तरीही वाढेल. म्हणून आदल्या रात्री फक्त पणजीचा किंवा वाळपईचा अंदाज बघून भागत नाही. घाटावर कणकुंबी आणि जांबोटीकडे पाऊस आहे का, ते बघा. म्हादई नदीचा उगम तिकडेच, कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात आहे, सत्तरीच्या डोक्यावरचं पाणी त्याच बाजूने उतरतं. हवामान खात्याने केशरी किंवा लाल इशारा दिला असेल तर बेत रद्द. पिवळा असेल तर व्हाळ ओलांडावा लागणार नाही असा दुसरा बेत काढा.

दुसरा बेत आधीपासून ठरलेला असला की पहिला सोडवतो. नाहीतर चार जण रजा टाकून आलेले असतात, पेट्रोल घातलेलं असतं, आणि मग ‘आलोच आहोत तर जाऊन बघू’ होतं. माझे ठरलेले दुसरे बेत तीन: तांबडी सुर्लचं कदंबकालीन महादेव मंदिर, बांबरची निरंकाराची राय, आणि नेत्रावळीला गोपीनाथाच्या देवळाची बुडबुड्यांची तळी. निरंकाराची राय म्हणजे रानजायफळाच्या जातीच्या झाडांची पाणथळ देवराई. चिखलातून गुडघ्यासारखी वाकून वर आलेली मुळं तिथे बघायला मिळतात. राईत शिरण्याआधी गावात विचारावं, चपला बाहेर काढाव्यात आणि पानसुद्धा तोडू नये.

वेळेचा हिशेब

विल्यम नायस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा नियम मांडला: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. तीन किलोमीटर वाट आणि दोनशे मीटर चढ असेल तर या हिशेबाने छप्पन मिनिटं होतात. हा नियम मोकळ्या डोंगरांसाठी. आपल्या ओल्या रानात, मुळांवरून आणि शेवाळलेल्या दगडांवरून नवखा माणूस चालणार असेल तर आकडा दुप्पट धरा. म्हणजे जायला दोन तास, यायला दोन.

आता उलटं मोजा. ऑक्टोबर अखेरीस गोव्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण दाट रानात पाचलाच अंधारून येतं. दुपारचा पाऊस तीननंतर कधीही. म्हणून शेवटचा व्हाळ दीडच्या आत ओलांडलेला असला पाहिजे आणि वझरावरून साडेअकराला निघालंच पाहिजे. म्हणजे चाल आठला सुरू. पणजीहून वाळपई पन्नासेक किलोमीटर, पुढे गावापर्यंत आतला रस्ता, तेव्हा घरातून सहाला निघायचं. साखळीला किंवा वाळपईला गरम पाव आणि पातळ भाजी पोटात घालून पुढे. कदंबच्या बसने जाणार असाल तर परतीच्या शेवटच्या बसची वेळ चालकाला उतरतानाच विचारून घ्या, आतल्या गावांना दिवसाला मोजक्याच फेऱ्या असतात.

साडेअकरा म्हणजे साडेअकरा. वझर दिसला नसेल तरीसुद्धा. मी दोनदा वझराचा आवाज ऐकून मागे फिरलो आहे.

निघण्याआधी घरच्या एका माणसाला चार ओळी लिहून द्या: कुठल्या गावातून कुठल्या वझराकडे, कोण कोण, गाडीचा नंबर, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळवायचं ती वेळ. घाटाच्या पायथ्याला बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज नसते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

पाठीवर काय

माणशी अडीच-तीन लिटर पाणी. सुकं खाणं, त्यात काहीतरी खारट. मी एका बाटलीत सोलांचं सरबत मीठ घालून नेतो. फार घाम येऊन कुणी गळाला तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण पाठ असू द्या. शिटी, विजेरी, प्रथमोपचाराचं सामान, एक कोरडा सदरा. फोन आणि कोरडे कपडे जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून.

जीन्स नको, ती भिजली की पाय उचलवत नाही. पटकन वाळणारी पूर्ण पॅन्ट, पूर्ण बाह्यांचा सदरा, फिकट रंगाचे लांब मोजे. बुटांचा तळ खोल खाचांचा हवा आणि बूट आधी आठवडाभर वापरलेले हवेत. छातीपर्यंत येईल अशी एक मजबूत काठी प्रत्येकाकडे हवी. या यादीतल्या बाकी वस्तूंपैकी एखादी राहिली तर चालेल, काठी राहून चालणार नाही.

गावात

गाडी लावली की लगेच वाटेला लागू नका. पहिल्या घराच्या अंगणात कुणी काका, कुणी मावशी दिसतील त्यांच्याशी बोला. कुठे जातो, कितीजण, कधी परतणार ते सांगा. वाट दाखवायला गावातला माणूस मिळाला तर त्याला बरोबर घ्या, त्याची मजुरी आधी ठरवून आनंदाने द्या. व्हाळाची नाडी त्याच्याइतकी कुणालाच कळत नाही. आणि त्याने ‘आज नको’ म्हटलं तर वाद घालायचा नाही.

कुळागरातून, म्हणजे सुपारीच्या बागेतून, वाट जात असेल तर सुपारीला हात लावायचा नाही, पाटाचं पाणी पायांनी गढूळ करायचं नाही. दारू आणि काचेची बाटली गाडीतसुद्धा आणू नका. कोंडीत फुटलेली काच पुढच्या वर्षी कुणाच्या तरी पोराच्या तळव्यात जाते.

व्हाळ

काही वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या शेवटी आम्ही पाच जण एका वझराकडे गेलो. अकराच्या सुमारास व्हाळ ओलांडला तेव्हा बूटसुद्धा पूर्ण भिजले नव्हते. वझराखाली पाऊस नव्हता. दोन वाजता परत आलो तर पाणी मांडीपर्यंत चढलेलं. आमच्यातला एक जण उतरायला निघाला. पलीकडच्या काठावर गुरं घेऊन आलेले एक वयस्क गृहस्थ हात हलवून ओरडले, “उदक तांबडें जालां, आतां वचूं नाकात!” म्हणजे पाणी तांबडं झालंय, आता जाऊ नका. आम्ही साडेतीन तास बसून राहिलो. अंधार पडायच्या बेताला पाणी उतरलं तेव्हा त्यांनीच कुठून यायचं ते दाखवलं. त्या दिवशी त्यांच्याकडून जे शिकलो ते इथे देतो.

व्हाळाशी पोचलात की लगेच पाय घालू नका. पाण्याच्या अगदी कडेला, जिथे ओलं आणि कोरडं भेटतं तिथे, नारळाएवढा एक दगड ठेवा. पाच मिनिटं बसा. पाणी प्या, बुटांच्या नाड्या आवळा. दगडाच्या बुडाला पाणी लागलं तर व्हाळ चढतो आहे, मागे फिरा. दगड कोरडा राहिला तर ओलांडा, पण तो दगड तिथेच असू द्या. परत आल्यावर तो किती बुडाला आहे यावरून लगेच कळतं.

पाण्याचा रंग बघा. नितळ पाणी पिवळसर झालं, मग तांबूस, म्हणजे वर कुठेतरी जांभ्याची माती धुऊन निघाली आहे. त्याआधी सुकी पानं आणि काटक्या वाहून येऊ लागतात, फेस दिसतो, ओल्या मातीचा वास येतो. आवाज बदलतो, पाण्याखाली दगड एकमेकांवर आपटल्यासारखं गडगडतं. यातलं एकसुद्धा चिन्ह दिसलं तर सगळ्यांनी काठ सोडून वर चढायचं, व्हाळाच्या मधल्या मोठ्या खडकावर नाही.

ओलांडायची जागा रुंद आणि उथळ असावी. अरुंद जागा जवळची वाटते, पण तिथेच पाणी खोल आणि जोरात असतं. खाली लगेच कोंड किंवा वझराची धार असेल तिथून कधीच ओलांडू नये. बूट पायात ठेवा, पाठपिशवीचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा म्हणजे पडलात तर ती टाकून देता येईल. तोंड वरच्या अंगाला, काठी पुढे रोवलेली, एका वेळी एकच पाय हलवायचा. पाणी गुडघ्याच्या वर आणि वाहतं असेल तर नवख्याने जायचं नाही. वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर चौपट होतो, म्हणून गुडघाभर पाणीही धडधाकट माणसाला आडवं करतं. कमरेला दोरी बांधून घेऊ नका, दोरी ताणली की ती माणसाला पाण्याखाली दाबून धरते. वाहून जायची वेळ आलीच तर उताणं व्हायचं, पाय पुढे, आणि काठाच्या दिशेने हात मारत राहायचं. मध्येच उभं राहायला गेलं की पाय दगडांत अडकतो.

आणि अडकलात तर बसून राहा. हे व्हाळ जितक्या लवकर चढतात तितक्याच लवकर बहुधा उतरतातही. भूक लागेल, उशीर होईल, घरचे रागावतील. बसून राहा.

कोंडीशी

पोहण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पहिल्या फेरीत पाण्यात उतरू नका, एवढी विनंती. धार पडते तिथे फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यात शरीर नेहमीसारखं तरंगत नाही, आणि खाली जाणारा प्रवाह माणसाला पुन्हा धारेखाली ओढतो. वरून उडी तर कधीच नाही. गेल्या वर्षी जिथे खोल होतं तिथे यंदाच्या पुराने धोंडा आणून टाकलेला असू शकतो. धारेच्या बरोबर खाली बसायचंही नाही, पाण्याबरोबर दगड येतात. थोडं लांब, सपाट खडकावर बसून डबा खा.

जळवा, साप, गोचीड

जळवांना घाबरायचं कारण नाही. मोज्यांना आणि बुटांना बाहेरून मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावलं की त्या कमी चढतात. चिकटलीच तर नखाने बाजूला सरकवून काढा, काडीने जाळू नका. जळवेच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, म्हणून जखम बराच वेळ वाहते. स्वच्छ धुऊन दाबून धरली की थांबते.

व्हाळाकाठच्या फांद्यांवर आणि खडकांवर चापडा साप बसलेला असतो, पानाच्या किंवा शेवाळाच्या रंगाचा, हाताच्या उंचीवर. आधारासाठी फांदी पकडण्याआधी तिच्याकडे बघा, एवढं पुरे. साप चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करायचं नाही. चावलेला अवयव फळकुटाने स्थिर करा, माणसाला शक्यतो उचलून आणा, रेंज मिळताच १०८ ला फोन करा.

गोचीड मात्र गांभीर्याने घ्या. डिसेंबर ते मे या महिन्यांत सत्तरीत माकडतापाचे रुग्ण सापडतात, आणि हा ताप गोचिडीच्या चाव्यातून येतो. पाचोळ्यावर थेट बसू नका, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता गावात किंवा आरोग्य केंद्रात कळवा.

परतल्यावर

गावात त्याच अंगणात जाऊन ‘पोचलो’ म्हणून सांगा, ती माणसं खरोखर वाट बघत असतात. मग रेंज आली की घरी फोन. घरी गेल्यावर कपडे थेट गरम पाण्यात टाका, साबणाने आंघोळ करा आणि कानामागे, काखेत, गुडघ्यांमागे, कमरपट्ट्याखाली गोचीड आहे का ते बघा, लहान मुलांच्या केसांतही. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. पुढचे दोन आठवडे अचानक जोराचा ताप आणि डोकेदुखी झाली तर डॉक्टरांना आपण कधी आणि कुठल्या रानात गेलो होतो ते स्वतःहून सांगा. बुटांत जुनी वर्तमानपत्रं कोंबून ते सावलीत वाळायला ठेवा, आणि सकाळी कागद बदला.